पेटीतली चिठ्ठी

सदतीस वर्षे मी गणित शिकवले. निवृत्तीला तीनच वर्षे उरली होती, तेव्हाची ही गोष्ट. २०१९ च्या जूनमध्ये आमच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाले, "बाई, नववीचा सोमवारचा जीवनकौशल्यांचा तास यंदा तुम्ही घ्या."

"अहो सर, मला त्यातले काय कळते?"

"पुस्तिका आहे की!" सर हसून म्हणाले.

पुस्तिका होती खरी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली शाळांसाठी जी दहा जीवनकौशल्ये सांगितली, ती तिच्यात ओळीने दिली होती. स्वतःची जाणीव, दुसऱ्याच्या मनाची जाण, निर्णय घेणे, संवाद साधणे, ताण आणि भावना आवरणे, वगैरे. मी ती फळ्यावर लिहिली, मुलांनी वहीत उतरवून घेतली. "राग आला की दहा आकडे मोजावेत," हेही सांगितले. मुले शहाण्यासारखी बसत. तास छान चालला आहे, अशी माझी समजूत होती.

त्या सुमारास माझी भाची एक लेख घेऊन आली. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला होता. भित्तिपत्रक, मुलांचे गट, ज्याला हवे त्याच्याशी एकांतात बोलणे आणि मनातले लिहून टाकण्यासाठी एक पेटी, असा तो उपक्रम होता. नाव लिहायची सक्ती नाही. पेटीची कल्पना मला फार आवडली. जिन्याखाली बुटाच्या खोक्याला फट पाडून मी आमची पेटी ठेवली. लेख मात्र पुरता न वाचताच बाजूला ठेवला.

पहिल्या आठवड्यात पेटीत चॉकलेटचे कागद निघाले, दुसऱ्यात मधली सुट्टी वाढवण्याची मागणी. तिसऱ्या आठवड्यात एक चिठ्ठी निघाली.

"बाई, राग आवरायला तुम्ही सोमवारी शिकवता. मंगळवारी पेपर वाटताना तुम्हीच का चिडता?"

खाली नाव नव्हते. पण दोन वर्षे ज्याच्या वह्या तपासल्या, त्याचे अक्षर का लपते? 'ण' चा देठ ओळीखाली ओढण्याची त्याची सवय मला पाठ होती. आदल्या मंगळवारी घटक चाचणीचे पेपर मी नेहमीप्रमाणे गुण मोठ्याने वाचत वाटले होते. त्याला वीसपैकी चार होते. मी म्हटले होते, "गणित हा तुझा प्रांत नव्हे रे बाबा, तू आपले वडिलांचे दुकान सांभाळ!" वर्ग हसला. तोही हसला. मुलाने मनाला लावून घेतले नाही, असे मला वाटले होते.

त्या रात्री मी तो लेख काढून शेवटपर्यंत वाचला. नालंदात शाळांचे तीन गट केले होते. एका गटात हा उपक्रम शिक्षकांनी चालवला. दुसऱ्यात थोडे प्रशिक्षण दिलेल्या, शिक्षक नसलेल्या साध्या माणसांनी. तिसऱ्यात तो नव्हताच. निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. साध्या माणसांच्या शाळांत मुलांची उदासीनता, दांडगाई आणि मारामारी कमी झाली, शाळेचे वातावरण सुधारले. शिक्षकांच्या शाळांत मात्र, उपक्रम नसलेल्या शाळांच्या मानाने काहीच फरक पडला नाही!

वाचून आधी रागच आला. मग चिठ्ठी पुन्हा वाचली. शिक्षकाच्या मागे कामे फार असतात, हे खरेच. पण ज्याच्या हातात लाल पेन आहे, त्याच्यापाशी मुलाने मन कसे उघडावे? दहा कौशल्ये मी शिकवत होते; त्यांतले एकही मुलांना माझ्या वागण्यात दिसत नव्हते.

पुढच्या मंगळवारी मी पेपर घडी घालून, गुण आत ठेवून ज्याच्या त्याच्या हातात दिले. मग वर्गाला म्हटले, "आजवर गुण वाचून दाखवताना मी जे बोलत आले ते चुकलेच माझे. त्याबद्दल मला वाईट वाटते." कोणाकडे मुद्दाम पाहिले नाही. सदतीस वर्षांत वर्ग इतका शांत मी पाहिला नव्हता.

त्यानंतर पेटीत खऱ्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. "डबा खायला माझ्याशेजारी कोणी बसत नाही." "घरी रोज भांडणे होतात, अभ्यासाला कुठे बसू?" कोणी लिहिले, हे मी विचारले नाही. ग्रंथालय संध्याकाळी सहापर्यंत उघडे राहील, एवढेच जाहीर केले. सात-आठ मुले येऊ लागली. एक चिठ्ठी वाचून मात्र हातपाय गार पडले. ती माझ्या आवाक्यातली नव्हती. सरांना सांगून त्याच दिवशी समुपदेशकांची मदत घेतली. ऐकणाऱ्याला आपली मर्यादाही कळावी लागते.

"पण या सगळ्यात अभ्यासाचे काय?" पालकसभेत एका वडिलांनी विचारले. प्रश्न रास्त होता. २०११ साली अमेरिकन संशोधकांनी अशा २१३ उपक्रमांचा एकत्र आढावा घेतला होता. जिथे अभ्यासाचीही मोजणी झाली होती, तिथे या मुलांची प्रगती इतरांपेक्षा सरसच दिसली. मी तेवढे सांगितले. गृहस्थांचे समाधान झाले की नाही, देव जाणे!

माझ्यापुरते उत्तर मला फेब्रुवारीत मिळाले. शाळा सुटल्यावर वीसपैकी चारवाला तो मुलगा दाराशी घुटमळत होता. "बाई, वर्तुळावरचे हे गणित कळले नाही. पुन्हा सांगाल?"

दोन वर्षांत त्याने मला विचारलेली ही पहिली शंका. आम्ही बाकावर शेजारी बसलो. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमले. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी आली आणि वार्षिक परीक्षा काही झाली नाही. त्याचे गणित किती सुधारले असते, ते सांगता येणार नाही.

आता मी घरी असते. दिवाळीत नातवंडे जमतात. फराळाचे ताट पुढे करताना जुन्या सवयीने "किती मार्क पडले रे?" हेच ओठांवर येते. मी चकली वाढते, शेजारी बसते आणि विचारते, "शाळेत डबा कोणाबरोबर खातोस?"