‘डुक्कर फियाट’चे किती मोजायचे?

१९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी फियाट घ्यायची ठरवली, तेव्हा तिची किंमत होती १२,००० रुपये. बँकेत ७,००० होते. उरलेले ५,००० त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. कर्ज फिटायच्या आधीच ताश्कंदला त्यांचे निधन झाले आणि ललितादेवींनी ते आपल्या पेन्शनमधून फेडले. ती मोटार आता दिल्लीत शास्त्रीजींच्या स्मारकात आहे आणि तिला बाजारभाव नाही. पण त्याच सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली एखादी फियाट भिलाईच्या एखाद्या क्वार्टरमागे, पत्र्याच्या शेडखाली उभी असेल आणि मालक तिचे चार लाख सांगत असेल, तर ते रास्त की अवाच्या सवा?

भिलाईत हा प्रश्न पडायला कारण आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसे या गावात आली. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. त्या काळात नवी मोटार म्हणजे नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. निवडही मोजकीच: फियाट, अ‍ॅम्बॅसेडर, नाहीतर मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. इथले लोक ज्याला जीई रोड म्हणतात तो मुंबई-कोलकाता रस्ता धरला, तर पश्चिमेला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीचा कुर्ल्याचा कारखाना आणि पूर्वेला हुगळीकाठचे उत्तरपाडा, जिथे २०१४पर्यंत अ‍ॅम्बॅसेडर बनत राहिली. भिलाई या दोहोंच्या मध्ये. तेव्हा इथल्या घरात जुनी मोटार निघालीच, तर ती संस्थानिकाची रोल्स रॉइस नसून नोकरदाराने जपलेली फियाट किंवा अ‍ॅम्बॅसेडर असण्याची शक्यता जास्त. अशा गाडीच्या किमतीत दुर्मिळपणाला फार वाव नसतो. तिची किंमत ठरते अवस्थेवर आणि कागदांवर.

अमेरिकेत जुन्या मोटारींच्या भावांचे तयार तक्ते मिळतात. हॅगर्टी कंपनीच्या तक्त्यात एकाच मॉडेलच्या चार अवस्थांचे चार भाव असतात: प्रदर्शनात मांडावी अशी, उत्तम, चांगली आणि चालण्याजोगी. पहिल्या आणि चौथ्या अवस्थेच्या भावांत कित्येक पटींचे अंतर असू शकते. आपल्याकडे फियाट-अ‍ॅम्बॅसेडरसाठी सर्वांनी मानावा असा तक्ता नाही. हाती येतात त्या जाहिराती, आणि जाहिरातीत दिसतो तो मालकाच्या मनातला आकडा. सहा महिने तीच जाहिरात पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर त्या भावाला गाडी विकली जात नाही एवढेच सिद्ध होते. म्हणून विचारायचे ते झालेल्या सौद्यांबद्दल. नागपूर-रायपूरकडचे जुने मेकॅनिक, क्लबातले हौशी लोक, नुकतीच गाडी विकलेला एखादा मालक यांच्याकडून अशा चार-पाच सौद्यांचे आकडे मिळाले, तर ते पन्नास जाहिरातींपेक्षा उपयोगी.

पुढचा हिशेब उलटा करायचा. समजा, त्याच मॉडेलची अगदी नीट केलेली गाडी सहा लाखांना गेल्याचे खात्रीने कळले. समोरच्या गाडीला डेंटिंग-पेंटिंगचे दीड लाख, इंजिनकामाचे साठ हजार, सीट, रबर आणि क्रोमचे सत्तर हजार लागणार आहेत. उरले तीन लाख वीस हजार. उघडल्यावर निघणारा गंज आणि वर्षभराची धावपळ यांसाठी आणखी काही वजा करायला हवे. मग चार लाख हा भाव जास्तच ठरतो. हे आकडे केवळ उदाहरणाचे, पण वजाबाकीची रीत खरी आहे. मालकाने गाडीवर किती ओतले, हा आकडा यात कुठेच येत नाही. पाच लाख खर्चून नीट केलेली गाडी साडेतीन लाखांना जाऊ शकते आणि त्यात घेणाऱ्याने कुणाला फसवलेले नसते. विकणाऱ्याला हे ऐकणे जड जाते, कारण तो खर्च बहुतेक वेळा वडिलांच्या आठवणीसाठी केलेला असतो.

खर्चाचा अंदाज गावागणिक बदलतो. भिलाईचा कारखाना रेल्वेचे रूळ आणि जाड प्लेटा बनवतो, मोटारीच्या बॉडीचा पातळ पत्रा नव्हे. तरी कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या वर्कशॉपांमुळे इथे चांगला वेल्डर आणि लेथवाला मिळायला अडचण नाही. बुश, पिन, ब्रॅकेट इथे बनवून घेता येतात. अडते ते दिव्याच्या काचेवर, दाराच्या रबरावर, पुढच्या जाळीवर. त्यांसाठी मुंबई-दिल्लीच्या जुन्या बाजारांत माणूस ओळखीचा लागतो. म्हणून फक्त पत्रा खराब असलेल्या गाडीपेक्षा बारीकसारीक भाग हरवलेली गाडी इथल्या घेणाऱ्याला महाग पडते. पाहणीला जाताना लोहचुंबक मात्र खिशात असावे. रंगाखाली जाड पुट्टी असेल, तिथे ते नीट चिकटत नाही. दारांखालच्या पट्ट्या, मॅटखालचा फ्लोअर आणि बॅटरीखालचा पत्रा या जागा आधी तपासाव्यात.

‘डुक्कर फियाट’ हे मराठी माणसाने लाडाने दिलेले नाव. पुढची दारे मागच्या बाजूच्या बिजागऱ्यांवर उघडणारी पन्नाशीच्या दशकातली ती गोल फियाट १९६४च्या ‘डिलाइट’ या मॉडेलपेक्षा कमी उरली आहे, हौशी लोक तिला अधिक मोजतात, आणि ते योग्यच आहे. अ‍ॅम्बॅसेडरचे तसे नाही. पेट्रोल महागले तसे कित्येक मालकांनी मूळ इंजिन काढून मॅटाडोर व्हॅनचे डिझेल इंजिन बसवले. रोज चालवायला ते सोयीचे होते. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र गाडीचा निम्मा जीव गेला. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहणे म्हणूनच पहिले काम. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर नसेल, तर घासाघीस करण्यापेक्षा परत फिरावे.

कायदाही आता मूळ रूपालाच महत्त्व देतो. केंद्र सरकारच्या जुलै २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. आधीपासून नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. मात्र रोजच्या वापराला किंवा धंद्याला ही गाडी काढता येत नाही; रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. भाजी आणायला जुनी फियाट हवी असणाऱ्याने ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

भिलाईच्या कागदांचा एक वेगळाच गुंता आहे. १ नोव्हेंबर २०००पर्यंत हे गाव मध्य प्रदेशात होते. छत्तीसगड झाल्यावर दुर्ग जिल्ह्याला सीजी ०७ हा क्रमांक मिळाला. साठ सालच्या गाडीची नोंद जुन्या वहीतून संगणकात आली आहे का, हे बयाणा देण्याआधी आरटीओत पाहावे. नागपूरहून गाडी आणायची तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स किमतीत धरावा.

आणि इतिहासाची किंमत? ती असते, पण पुराव्यासह. ‘बुलिट’ या १९६८च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्विनने चालवलेली मस्टँग एका अमेरिकन कुटुंबाने १९७४ साली ६,००० डॉलरला घेतली आणि रोजच्या कामाला वापरली. पोचे आणि गंज यांसकट, रंगही न देता, ती जानेवारी २०२०मध्ये लिलावात आली आणि फी धरून ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. ती तीच गाडी असल्याचे सिद्ध करणारी कागदपत्रे नसती, तर ती एक जुनाट मस्टँगच होती. कोल्हापूरच्या दसऱ्यात निघणाऱ्या छत्रपती घराण्याच्या मेबॅकला पुराव्याची गरज नाही, सारे शहर साक्षी आहे. भिलाईतल्या फियाटला मात्र बुकिंगची पावती, जुने टॅक्स टोकन, सर्व्हिसची वही, दारात उभ्या गाडीचा कृष्णधवल फोटो लागतो. एकाच घरात राहिलेली, अशी फाइल असलेली गाडी तशाच दुसऱ्या गाडीपेक्षा थोडी महाग घ्यायला हरकत नाही. तोंडी कहाणीचे वेगळे पैसे देऊ नयेत.

सध्या सर्वांत सांभाळून पाहावी ती पद्मिनी, म्हणजे नंतर नाव बदललेली हीच फियाट. हे नाव सत्तरीच्या मध्यात आले, म्हणजे पहिल्या पद्मिनी आत्ताच पन्नाशीला टेकत आहेत, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतल्यापासून तिच्याबद्दल हळवेपणा वाढला आहे. पण तिचे उत्पादन जवळपास २०००पर्यंत चालू होते. १९९५ची पद्मिनी ‘व्हिंटेज’ म्हणून विकायला काढली असेल, तर नियमाने ती व्हायला २०४५ उजाडावे लागेल. तोपर्यंत तिचा भाव एका चांगल्या जुन्या चालत्या गाडीचाच धरावा.