तुरटीचा खडा वाढवताना

वर्गात स्फटिक वाढवून दाखवायला मिठापेक्षा तुरटी बरी. 100 मिली पाण्यात मीठ गार असताना सुमारे 36 ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यातही जेमतेम 39. तुरटीचं तसं नाही: 20 अंशांना 12 ग्रॅमच्या आसपास, तर 60 अंशांना त्याच्या चौपटीहून जास्त. त्यामुळे गरम संपृक्त द्रावण निवू लागलं की जास्तीची तुरटी बाहेर पडते. सावकाश निवलं तर मोजके, टपोरे स्फटिक; बर्फात ठेवलं तर बारीक चुरा. दोन ग्लास शेजारी ठेवून हा फरक दाखवाच, फळ्यावरच्या व्याख्येने तो कळत नाही.

त्यातला एक नितळ दाणा नायलॉनच्या बारीक दोऱ्याने गार संपृक्त द्रावणात टांगा. सुती दोऱ्यावर नको तिथे दाणे धरतात. द्रावण कच्चं असेल तर टांगलेला दाणाच विरघळून जातो! भांड्यावर कागद झाका आणि हलवू नका. काही दिवसांत आठ त्रिकोणी पृष्ठांचा आकार स्पष्ट होतो.

दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिकही खनिजयुक्त पाण्यातूनच वाढले. ते पाहायला मुलांना सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जरूर न्या.