आंधळगावचे टसर: घेताना आणि शिवताना

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले आंधळगाव टसर विणणाऱ्या कोष्टी कारागिरांसाठी ओळखले जाते. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीच्या कोशातून निघणारे हे रेशीम मुळातच मधाळ रंगाचे असते. काठावर करवतीचे दाते विणले की ती करवती साडी. तिला भौगोलिक मानांकन आहे.

खरे टसर ओळखायला कापड उजेडात धरावे. टसरचा धागा कुठे जाड, कुठे बारीक दिसतो आणि हेच त्याचे खरे देखणेपण. सुटा धागा जाळल्यास केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरते. पॉलिस्टरची मात्र वितळून कडक गोळी होते.

कुर्त्यासाठी घेताना आधी पन्हा विचारावा. तो कमी असेल तर कापड जास्त लागते. कापलेल्या कडेचे धागे सुटतात, म्हणून शिंप्याला माया सढळ ठेवायला सांगावे.