सामानाची पावती, लेकरांची नाही!

अमेरिकन सरकारने सीमेवर माय-लेकरांची ताटातूट केली आणि पुढे सरकारनेच त्यांची भेट घडवली, असे सांगितले जाते. आम्हांला हे अर्धसत्य वाटते.

एप्रिल २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने मेक्सिकोच्या सीमेवर 'झिरो टॉलरन्स' धोरण जाहीर केले. विनापरवाना सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रौढावर फौजदारी खटला भरायचा! परिणामी आई-बाप कोठडीत आणि लेकरे आरोग्य खात्याच्या निवाऱ्यात गेली. त्यांत ग्वाटेमाला, होंडुरासची गोरगरीब माणसे मोठ्या संख्येने होती. जगभर ओरड झाली, तेव्हा २० जूनला ट्रम्प यांनी ताटातूट थांबवण्याचा आदेश काढला. पण तोडलेली लेकरे परत कशी द्यायची, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते.

तो प्रश्न न्यायालयात सुटला. आश्रय मागायला आलेली काँगोची एक आई सॅन दिएगोत डांबलेली, तर तिची चिमुरडी शिकागोत! अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने तिचा दावा लढवला. २६ जूनला न्यायाधीश डॅना साब्रॉ यांनी हुकूम दिला की, पाच वर्षांखालील मुले १४ दिवसांत आणि बाकीची ३० दिवसांत आई-बापांच्या हवाली करा. कैद्याचे पैसे, कागदपत्रे यांची चोख नोंद ठेवणारे सरकार लेकरांची नोंद तशी ठेवत नाही, असे त्यांनी सुनावले.

सगळी मेख इथेच होती. दोन खात्यांच्या नोंदींचा मेळ नव्हता. शेकडो आई-बापांना मुलांविनाच मायदेशी हाकलले होते. मग वकील आणि स्वयंसेवक ग्वाटेमाला, होंडुरासच्या गावोगाव त्यांना शोधत हिंडले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडेन यांनी पुनर्मीलनासाठी कृतिदल नेमले. तोडलेल्या मुलांचा आकडा पाच हजारांवर गेला होता. २०२४ अखेरही हजाराहून अधिक मुलांची भेट झाल्याची खात्री सरकारदरबारी नव्हती. आणि २० जानेवारी २०२५ रोजी, पुन्हा सत्तेवर येताच, ट्रम्प यांनी कृतिदलाचा आदेशच रद्द केला!

बंधु-भगिनींनो, हा फरक ध्यानात घ्या. कृतिदल सरकारच्या मर्जीने आले, मर्जीने गेले. मात्र त्याच खटल्यातून डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने अशा ताटातुटीवर आठ वर्षांची बंदी घातली. ती मोडली, तर सरकारला न्यायालयात खेचता येते. परदेशातून आलेल्या, कागद नसलेल्या आईलाही आपल्या लेकरावर हक्क आहे, हे त्या काँगोच्या माउलीने सिद्ध केले. सरकारच्या दयेवर ती थांबली असती, तर हे घडले नसते.