सोडतीचे तिकीट घेण्यापूर्वी हिशेब करा

शेतकरी बंधूंनो, माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी गोऱ्हा घेताना आपण दात, खूर, चाल पाहूनच भाव ठरवतो. सोडतीचे तिकीटही असेच पारखून घ्यावे.

समजा, कंधारला एका सोडतीसाठी १०० रुपयांची १,००० तिकिटे काढली. बक्षिसे अशी : ४०,००० रुपयांचा एक गोऱ्हा व प्रत्येकी २,००० रुपयांचे १० फवारणी पंप. बक्षिसांची एकूण किंमत ६०,००० रुपये. तिला तिकिटांच्या संख्येने भागावे. उत्तर येते ६० रुपये. हीच तिकिटाची रास्त किंमत. म्हणजे दर तिकिटामागे सरासरी ४० रुपये तोटा. दहा तिकिटे घेतल्यास संधी वाढते, पण सरासरी तोटाही ४०० रुपये होतो.

हिशेबात जाहिरातीतील नव्हे, बाजारातील किंमत धरावी. न विकलेली तिकिटे सोडतीत नसतील तर विकलेल्या तिकिटांनीच भागावे.

सरासरीचे ६० रुपये मात्र कोणाच्याच हाती पडत नाहीत. १,००० पैकी ९८९ तिकिटे कोरीच जातात. वर्गणी समजून एखादे तिकीट घेणे वेगळे. बियाण्याचा पैसा सोडतीत घालू नये.