मागच्या सीटवर कोण बसणार?

घरची गाडी : लेखांक ६

पालघर–बोईसर पट्ट्यात ज्या घरात दुसऱ्या मुलाचं बारसं होतं, त्या घरात वर्षभरात गाडीचा विषय निघतोच. जुन्या हॅचबॅकमध्ये नवरा-बायको आणि एक मूल आरामात मावत होतं. आता दुसरं बाळ आलेलं असतं आणि त्याला सांभाळायला गावाहून आजीही आलेली असते. रविवारी केळव्याला जायचं म्हटलं की कोणीतरी घरी थांबायला तयार व्हावं लागतं. मग शेजारी, मेहुणे, कारखान्यातले सहकारी सगळे सल्ला देतात आणि बहुतेक वेळा चर्चा दोन नावांवर येऊन अडते : टाटा नेक्सॉन की मारुती सुझुकी ब्रेझा? गेल्या लेखांकात कर्जाचा हप्ता घरखर्चात कसा बसवायचा ते पाहिलं. या वेळी या दोघींतली निवड.

दोन्ही गाड्यांची लांबी तंतोतंत सारखी आहे : ३,९९५ मिलिमीटर. हा योगायोग नाही. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं आणि ‘छोटी’ ठरवण्यासाठी चार मीटरची रेघ आखली गेली. तेव्हापासून कंपन्या त्या रेघेच्या पाच मिलिमीटर अलीकडे थांबून गाड्या आखतात. जीएसटी आला तरी रेघ तिथेच राहिली. लांबीबरोबर इंजिनाचीही अट आहे : पेट्रोल आणि सीएनजीला १,२०० सीसी, डिझेलला १,५०० सीसी. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचं, डिझेल १,४९७ सीसीचं. ब्रेझाचं इंजिन मात्र १,४६२ सीसीचं आणि तेही पेट्रोलचं. म्हणजे ब्रेझा लांबीत पास होते, इंजिनात नापास.

याचा खिशावर परिणाम २२ सप्टेंबर २०२५पासून ठळक झाला. त्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. नेक्सॉन पेट्रोलवरचा एकूण कर २९ टक्क्यांवरून १८वर उतरला. ब्रेझाचा ४५वरून ४०वर. त्या वेळी नेक्सॉनची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत साधारण ७.३२ लाख आणि ब्रेझाची ८.२६ लाख झाली. किमती पुढे-मागे होत राहतात, पण दोघींमधलं हे अंतर कराच्या रचनेतूनच आलेलं आहे, एवढं लक्षात ठेवावं. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर वेगळा : दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३. तारापूरच्या लघुउद्योजकांना एक सूचना. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर हाच कर २० टक्के बसतो. तेव्हा ‘खर्चात दाखवू’ असं म्हणण्याआधी सीएला विचारलेलं बरं.

जास्तीचा कर भरून ब्रेझात मिळतं काय? चार सिलिंडरचं शांत, सवयीचं इंजिन. नेक्सॉनचं तीन सिलिंडरचं टर्बो आहे. ताकद जास्त, १२० पीएस, पण उभ्या गाडीत किंचित थरथर जाणवते आणि कमी वेगात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ते थोडं आळसतं. बोईसरच्या बाजारातून रिक्षांच्या मागे मागे सरकताना ब्रेझा सुखाची वाटते. ऑटोमॅटिक हवी असेल तर फरक आणखी वाढतो. ब्रेझाचा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर गिअर बदलल्याचं कळूही देत नाही. नेक्सॉनच्या स्वस्त एएमटीत मान हलते. चांगला डीसीए गिअरबॉक्स घ्यायचा तर वरच्या किमतीत जावं लागतं.

इथपर्यंतची चर्चा कुठल्याही शोरूममध्ये होते. वाढत्या घराचा खरा प्रश्न मात्र मागच्या सीटवर असतो आणि त्याचं सगळ्यात कठोर उदाहरण पालघर जिल्ह्यातलंच आहे.

४ सप्टेंबर २०२२, रविवारची दुपार. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गुजरातेतल्या उदवाड्याहून मुंबईकडे निघाले होते. चारोटीजवळ महामार्गावरच्या सूर्या नदीच्या पुलावर त्यांची मर्सिडीज कठड्याला धडकली. गाडीत चौघे होते. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, दोघेही गेले. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावलेले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. पण पट्टा न लावलेल्या माणसाला एअरबॅग फारशी वाचवू शकत नाही, कारण तिची रचनाच पट्ट्याने जागेवर धरलेल्या शरीरासाठी केलेली असते.

बोईसरहून चिल्हार फाट्याने किंवा पालघरहून मनोरमार्गे जो कोणी मुंबईला, वापीला, सुरतला निघतो, तो याच महामार्गावर येतो. एमआयडीसीतून पोलादाच्या कॉइल घेऊन निघालेले ट्रेलर, गुजरातेतून येणारे टँकर, मधूनच उलट दिशेने येणारी मोटरसायकल. या रस्त्यावर घरची माणसं न्यायची असतील तर टचस्क्रीन किती इंचाची आहे हे विचारण्याआधी मागच्या तिन्ही जागांना खांद्यावरून येणारा, तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आहे का, ते पाहावं. जुन्या गाड्यांत मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असायचा. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे विशेष तपासावं.

कायदा स्पष्ट आहे. मागे बसणाऱ्यालाही पट्टा बंधनकारक आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४-बी कलमानुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंडाला कोणी भीत नाही, हा भाग वेगळा. पण आईच्या मांडीवरचं बाळ ‘सुरक्षित’ असतं हा समज मात्र मोडायला हवा. जोराच्या धडकेत दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला लागणारा जोर दोन-तीनशे किलोंच्या वजनाइतका होतो. ते कुठल्याही हातांना जमणार नाही. पुढच्या सीटवर मांडीवर बाळ घेऊन बसणं तर त्याहून वाईट, कारण उघडणारी एअरबॅग थेट बाळावर आदळते.

आता धडक-चाचण्यांचे तारे. डिसेंबर २०१८मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी नेक्सॉन ठरली. त्याच वर्षी तेव्हाच्या विटारा ब्रेझाला चार तारे मिळाले होते. पुढे २०२३मध्ये देशाची स्वतःची भारत एनकॅप योजना सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये नेक्सॉनने तिथेही पाच तारे घेतले : मोठ्यांसाठी ३२पैकी २९.४१ गुण, मुलांसाठी ४९पैकी ४३.८३. या दुसऱ्या आकड्याकडे आईबापांनी पाहावं, कारण २०१८मध्ये हीच गाडी मुलांच्या बाबतीत तीन ताऱ्यांवर थांबली होती. ब्रेझाचे २०१८चे चार तारे जुन्या पिढीचे आहेत. ३० जून २०२२ला आलेली ब्रेझा नवी गाडी आहे. विक्रेता जुने तारे नव्या गाडीला चिकटवत असेल तर नम्रपणे भारत एनकॅपचा निकाल दाखवायला सांगावं. तो दाखवता आला नाही, तर तेही उत्तरच आहे.

पण तारे मोजून झाल्यावर माणसं मोजावी लागतात. दोन लहान मुलं असतील तर दोन बालआसनं लागतात. ती पक्की करायचे आयसोफिक्सचे हुक दोन्ही गाड्यांत मागच्या कडेच्या दोन जागांना आहेत. ती बसवली की मध्ये उरते एक चिंचोळी फट, आणि तिच्यात आजीला बसवायचं! नेक्सॉनची रुंदी १,८०४ मिलिमीटर, ब्रेझाची १,७९०. दीड सेंटिमीटरही नसलेला हा फरक बाहेरून मोजलेला आहे. आत कोणालाच त्याचा उपयोग नाही. दोन्ही गाड्या कागदावर पाच माणसांच्या आहेत. बालआसनं लावल्यावर त्या चार माणसांच्या होतात. हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही, कारण बालआसन घेऊन गाडी बघायला जाणारं गिऱ्हाईक आपल्याकडे अजून दुर्मीळ आहे. जावं. उसनं आणून, पण जावं. मूल निदान सव्वा वर्षाचं होईपर्यंत त्याचं आसन तोंड मागे करून बसवायचं असतं आणि तेव्हा पुढच्या सीटला मागे सरकायला किती जागा उरते, ते तिथेच कळतं.

मोठं मूल सात-आठ वर्षांचं असेल आणि बूस्टरवर बसत असेल तर आजीची सोय होते, पण मग तिच्या गुडघ्यांचा विचार आला. ब्रेझाची उंची १,६८५ मिलिमीटर, नेक्सॉनची १,६२०. ब्रेझाचं छत सरळ, खिडक्या मोठ्या. चढताना मान वाकवावी लागत नाही आणि बसल्यावर बाहेरचं दिसतं. नेक्सॉनचं छत मागे उतरतं. गाडी लागणाऱ्या मुलांनाही मोठी खिडकी मानवते. वाघोबा खिंडीच्या वळणांवर किंवा जव्हारच्या घाटात हे महत्त्वाचं ठरतं.

डिकीत नेक्सॉन पुढे : ३८२ लिटर, ब्रेझा ३२८. प्रॅम, डायपरची पिशवी आणि परतीच्या वाटेवर घेतलेली घोलवडच्या चिकूंची पेटी, एवढं एकत्र न्यायचं तर ५४ लिटरचा फरक जाणवतो. सीएनजी घेतली तर तो फारच वाढतो. ब्रेझाची टाकी डिकीतच येते आणि सामानाला जागा जवळपास उरत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये आलेल्या सीएनजी नेक्सॉनमध्ये दोन छोट्या टाक्या तळाशी बसवल्या आहेत आणि वर ३२१ लिटर जागा शिल्लक राहते. ही खरोखर हुशारी आहे.

तरीही सीएनजी घ्यावी का? इथे बोईसरकरांनी स्वतःचा वापर प्रामाणिकपणे मोजावा. २०१३मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली. मुंबईला नोकरीला जाणारे गाडीनेच जातात, पण ती पश्चिम रेल्वेची. एमआयडीसीतले अनेक जण कंपनीच्या बसने किंवा दुचाकीवर जातात. घरची कार रविवारी, दवाखान्याला, लग्नाला बाहेर निघते. समजा पेट्रोल १०४ रुपये आणि ॲव्हरेज १५ धरलं, सीएनजी ८० रुपये आणि ॲव्हरेज २२ धरलं, तर किलोमीटरमागे सुमारे सव्वातीन रुपये वाचतात. महिन्याला ५०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत सीएनजीसाठी मोजलेले लाखभर रुपये वसूल व्हायला पाच वर्षं लागतील; १,५०० किलोमीटर चालली तर वीस महिने. सीएनजीवर राज्याचा कर कमी असल्याने हा काळ थोडा घटतो, पंपावरच्या रांगेत गेलेला वेळ धरला तर पुन्हा वाढतो.

डिझेल नेक्सॉनचंही तसंच. २६० एनएमचा जोर महामार्गावर सुखाचा, पण बीएस-६ डिझेलमधला काजळी अडवणारा फिल्टर लांबच्या, सलग धावेतच साफ होतो. घर ते शाळा, शाळा ते भाजीबाजार एवढीच गाडी फिरली तर तो तुंबतो आणि धोक्याचा दिवा लागतो. महिन्यातून तीन-चार वेळा सुरत किंवा पुणे नसेल, तर डिझेलच्या वाटेला जाऊ नये.

पावसाळ्याबद्दल थोडं. जमिनीपासूनची उंची नेक्सॉनची २०८ मिलिमीटर, ब्रेझाची १९८. खड्ड्यांना दोन्ही पुरतात, साचलेल्या पाण्याला दोन्ही पुरत नाहीत. अर्ध्या चाकाच्या वर पाणी असेल तर थांबावं, कारण इंजिनात पाणी ओढलं गेलं की साधा विमा सहसा ते नुकसान भरून देत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. चिंचणी, सातपाटी, केळवे अशा किनाऱ्यावरच्या गावांत खारा वारा पत्रा खातो. पावसाळ्याआधी गाडीच्या तळाला गंजरोधक थर आणि नंतर तळ धुणं, हा खर्च दोन्ही गाड्यांना सारखाच धरावा.

आता कौल. दोन मुलं लहान, सोबत मोठी माणसं दोनच आणि महिन्यातून काही वेळा महामार्ग, अशा घराने नेक्सॉन पेट्रोल, हाताच्या गिअरची, मधल्या श्रेणीतली घ्यावी. करात वाचलेल्या पैशांतून दोन चांगली बालआसनं घ्यावीत. घरात गुडघेदुखीचे ज्येष्ठ असतील, मुलं बूस्टरच्या वयाची असतील, गाडी मुख्यतः बोईसर–पालघर परिसरातच फिरणार असेल आणि चालवणाऱ्याला क्लचचा कंटाळा असेल, तर ब्रेझा ऑटोमॅटिक. काठावरच्या घरांना ही लेखमाला नेक्सॉनकडे झुकायला सांगेल आणि त्याचं कारण चारोटीच्या महामार्गावर आहे.

दोन मुलं, दोन मोठे आणि आजी-आजोबा असे सहा जण नेहमी एकत्र निघणार असतील, तर या दोन्ही गाड्यांचं टेस्ट ड्राइव्हही घेऊ नये. सहावा माणूस दाटीवाटीने बसवणं बेकायदा आहे आणि पट्टे पाचच आहेत. अशा घरांसाठी अर्टिगा आणि कॅरेन्स या सात आसनी गाड्यांचा विचार पुढच्या आठवड्यात. तोवर आपल्या सध्याच्या गाडीचे मागचे पट्टे सीटच्या फटीतून वर काढून ते लागतात का, एवढं वाचकांनी आजच पाहून ठेवावं.