टायमिंग चेन बदलायची कधी? आवाजावर जाऊ नका, अंश मोजा

सकाळी तीन-चार वेळा सेल्फ मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. घाटात पूर्वीसारखी ओढत नाही, डिझेल जास्त खाते आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूने खळखळ ऐकू येते. ही तक्रार घेऊन मालक गॅरेजात गेला की एक मिस्त्री सांगतो, "चेन गेली, आजच बदला." दुसरा सांगतो, "अजून लाखभर किलोमीटर काही होत नाही." एका गाडीवर घर चालवणाऱ्याने कुणाचे ऐकावे? आधी चेन मोजून घ्यावी, मग ठरवावे.

उदाहरण म्हणून आपल्याकडचे एक ओळखीचे इंजिन घेऊ. मर्सिडीजच्या २४० डी मोटारीतले चार सिलिंडरचे, २.४ लिटरचे ओएम ६१६ हे डिझेल इंजिन १९८० च्या दशकात पुण्याच्या बजाज टेम्पोने परवान्याने बनवायला घेतले. (२००५ पासून ही कंपनी फोर्स मोटर्स झाली.) ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमधून ते गावोगावी पोचले. त्यात दुपदरी टायमिंग चेन असते. क्रँकशाफ्टवरून निघालेली ही एकच चेन वरचा कॅमशाफ्टही फिरवते आणि डिझेल पंपही.

चेन लांबते म्हणजे काय?

चेनचे लोखंड रबरासारखे ताणले जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश थोडी थोडी झिजते. शेकडो जागची ही झीज एकत्र आली की चेन लांब होते. डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये काजळी लवकर मिसळते, म्हणून ऑइल बदलायला उशीर करणाऱ्याची चेन आधी झिजते. चेन लांबली की कॅम मागे पडतो, वॉल्व उशिरा उघडतात आणि पंपही डिझेल उशिरा सोडतो.

येथेच पुष्कळ मालक फसतात. मिस्त्री पंप थोडा फिरवून टायमिंग पुन्हा जुळवतो. गाडी झटक्यात सुरू होते, धूर कमी होतो आणि मालक खूश होतो. पण चेन तेवढीच झिजलेली राहते आणि कॅमही मागेच राहतो. पंप वारंवार पुढे घ्यावा लागत असेल तर चेन तपासायची वेळ झाली असे समजावे.

मोजायचे कसे?

वॉल्व कव्हर काढावे. कॅमशाफ्टच्या वॉशरवर एक खाच आणि पुढच्या बेअरिंग टॉवरवर एक खूण असते. इंजिन नेहमी फिरते त्याच दिशेने, पान्याने हळूहळू फिरवून या दोन खुणा समोरासमोर आणाव्यात. खूण पुढे निघून गेली तर उलटे फिरवू नये, पुन्हा पूर्ण फेरा घ्यावा. उलटे फिरवल्यास चेनची ढिलाई दुसरीकडे जाते आणि मोजमाप चुकते. खुणा जुळल्या की खाली क्रँकच्या पुलीवरचे अंश वाचावेत. चेन नवी असेल तर काटा शून्याजवळ असतो. शून्याच्या पुढे जितके अंश, तितकी झीज.

निर्णय

चार अंशांपर्यंत घाबरू नये. ऑइल वेळेवर बदलावे आणि आकडा वहीत लिहून ठेवावा. त्यापुढे कॅम जागेवर आणण्यासाठी सरकवलेली चावी मिळते. मर्सिडीजने अशा चाव्या साधारण ४, ६.५, ८ आणि १० अंशांसाठी दिल्या आहेत. मात्र चावीने फक्त टायमिंग सुधारते, झिजलेली चेन नवी होत नाही. दहा अंशांजवळ पोचल्यावर चावीचा मार्गही संपतो, तेव्हा चेनच बदलावी. वर्षभरात आकडा झपाट्याने वाढला असेल तर दहाची वाट पाहू नये.

आकडा कमी असूनही खळखळ असेल तर टेन्शनर आणि चेनच्या पट्ट्या पाहाव्यात. पट्ट्यांवरचे प्लॅस्टिक जुने होऊन कडक होते. त्याचा तुकडा चेनमध्ये अडकला तर चांगली चेनही तुटू शकते.

या इंजिनाचे कॉम्प्रेशन २१ ला १ आहे. म्हणजे पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जागा जवळजवळ उरत नाही. चालत्या गाडीत चेन तुटली तर उघडे राहिलेले वॉल्व पिस्टनवर आदळतात. वॉल्व वाकतात, हेड उतरवावे लागते, कधी पिस्टनही जातो. त्यात दुरुस्तीचा खर्च तर होतोच, शिवाय गाडी उभी राहिल्याने रोजची कमाईही बंद होते.

बदलताना

पूर्ण इंजिन न खोलताही चेन बदलता येते. जुनी चेन वर एका कडीत तोडून नवी तिला जोडतात आणि इंजिन हाताने फिरवत नवी आत ओढून घेतात. दोन्ही टोके सतत ताणलेली ठेवावीत आणि तोडताना खालचे तोंड फडक्याने बंद करावे, नाहीतर पिन आत पडते. जोडाची कडी योग्य हत्याराने रिव्हेट करावी. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेले दिसले तर तेही बदलावेत, नाहीतर नवी चेन लवकर झिजते. शेवटी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा तपासाव्यात, पंपाचे टायमिंग २४ अंशांवर लावावे आणि मगच सेल्फ मारावा.

मालकाने एवढे करावे. पुढच्या वेळी वॉल्व सेटिंगसाठी कव्हर निघेल तेव्हा मिस्त्रीला चेनचे अंशही वाचायला सांगावेत. थोडा वेळ जाईल, पण मग जो खर्च होईल तो आकडा पाहून केलेला असेल.